नोकरी सुरू असली तरी ५८ नंतर ईपीएस पेन्शन मिळते

‘नोकरी सोडल्याशिवाय पीएफची पेन्शन सुरू होत नाही’ हे कारखान्यांत वर्षानुवर्षे सांगितले जाते. चूक आहे. (ही पेन्शन म्हणजे ईपीएस-९५, १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना.) नोकरी सोडण्याची अट ५० ते ५८ या वयातल्या मुदतपूर्व पेन्शनला आहे, आणि ती पेन्शनही ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्क्यांनी घटते. गोंधळ बहुधा इथूनच पसरला.

५८ पूर्ण झाले की ईपीएस-९५ चे सदस्यत्व आपोआप संपते. किमान १० वर्षांची पात्र सेवा असेल तर त्याच कंपनीत काम करत असतानाही फॉर्म १०-डी भरून पेन्शन घेता येते. पगार आणि पेन्शन दोन्ही मिळतात.

घाई नसेल तर ६० पर्यंत थांबा. प्रत्येक पूर्ण वर्षामागे ४ टक्के वाढ मिळते. त्यापुढे थांबून वाढ मिळत नाही.

अर्ज अडकतो तो दुसरीकडेच. ५८ नंतर मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के सहसा ईपीएसऐवजी पीएफ खात्यात जायला हवेत; पण पगार विभाग जुन्याच पद्धतीने भरत राहतो. म्हणून वाढदिवसानंतरच्या महिन्याचे पासबुक पाहा. पेन्शनच्या रकान्यात रक्कम दिसली तर आधी कंपनीकडून दुरुस्ती करून घ्या. पीएफवरची आणि आधारवरची जन्मतारीखही जुळवून ठेवा.