वैष्णोदेवीचं नाणं आणि दहा लाख
“माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं आहे, दहा लाख मिळतील ना?” नाही हो. २०१२ सालची ही स्मारक नाणी चलनासाठीच पाडली होती; रविवारी जुन्या बाजारात चादरीवर शोधा. स्मारक म्हणजे दुर्मीळ, हा मूळ घोळ. किंमत ठरते ती किती पाडली आणि किती झिजलं यावर. कुठल्या टांकसाळीत पाडलं ते कळायला सालाखालची खूण बघा: हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता.

आणि खासगी कंपनीने मखमली डबीत विकलेलं चकचकीत पदक? ते नाणंच नव्हे. नाणी फक्त केंद्र सरकार पाडतं. (डबी मात्र छान असते.)

‘नाणं विकायचंय तर रिझर्व्ह बँकेचं कमिशन आधी भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. असं काही आपण घेत नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.