फाइल एका यंत्रात, तपासनीस दुसऱ्या

कार्यालयातल्या सगळ्यांच्या फाइली ज्या नेटवर्क साठ्यावर, म्हणजे नॅसवर, एकत्र राहतात, त्यावर अनेकदा अँटिव्हायरस बसवताच येत नाही. मोठ्या नॅसची ऑपरेटिंग सिस्टिम उत्पादकाने बंदिस्त ठेवलेली असते, तिच्यात बाहेरचा प्रोग्राम टाकायची सोय नसते. म्हणून तपासणी शेजारच्या सर्व्हरवर चालते. कोणी फाइल उघडायला गेले की नॅस ती अडवून धरतो, स्कॅन सर्व्हरला विचारतो आणि होकार आला की सोडतो. या संवादासाठी बऱ्याच ठिकाणी आयकॅप हा प्रोटोकॉल वापरतात. तो २००३ साली इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेत आरएफसी ३५०७ म्हणून प्रसिद्ध झाला, त्याचे ठरलेले पोर्ट १३४४. काही उत्पादकांची स्वतःची पद्धत असते. तिच्यात स्कॅन सर्व्हर खास अधिकारांच्या खात्याने नॅसवरची फाइल थेट वाचतो.

पद्धत कोणतीही असो, तेवढा वेळ वापरणारा ताटकळत असतो. पुढच्या बहुतेक कटकटी या ताटकळण्यातून निघतात.

स्कॅन सर्व्हरने उत्तरच दिले नाही तर? फाइल तपासणीविना द्यायची, की अडवायची, हे आधी ठरवावे लागते. अडवायचे ठरवले आणि सर्व्हर बंद पडला, तर साऱ्या शेअरवर, म्हणजे नॅसवरच्या सामायिक फोल्डरांवर, ‘ॲक्सेस डिनाइड’ दिसू लागते. संदेशात अँटिव्हायरसचा उल्लेखही नसतो, त्यामुळे मदत करायला बसलेली मंडळी फोल्डरच्या परवानग्या उकरत बसतात. अडवणूक हवी असेल तर स्कॅन सर्व्हर किमान दोन हवेत, आणि अपडेटनंतर दोन्ही एकाच वेळी रीस्टार्ट होता कामा नयेत. मुदतीही जुळवाव्या लागतात. विंडोजमध्ये नॅसकडून फाइली मागवणारा भाग, म्हणजे एसएमबी क्लायंट, साधारण ६० सेकंद वाट पाहतो. नॅसवरची स्कॅनची मुदत त्याहून बरीच कमी ठेवा, नाहीतर निकाल येईपर्यंत जोडणीच तुटलेली असते.

एकदा स्वच्छ ठरलेल्या फाइलची नोंद अनेक नॅस ठेवतात, म्हणून तीच फाइल दुसऱ्यांदा पटकन उघडते. फाइल बदलली की ती नोंद रद्द होते. नव्या व्हायरस-व्याख्या, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणा, आल्यावर जुन्या नोंदी पुसायच्या असतील तर ते पहाटे करा. ऐन कामाच्या सुरुवातीला पुसल्या तर प्रत्येकाची प्रत्येक फाइल नव्याने रांगेत उभी राहते.

काय वगळायचे यावर बराच विचार लागतो. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क, डेटाबेसच्या फाइली आणि बॅकअपच्या प्रतिमा अवाढव्य असतात, सतत बदलतात, आणि त्या मध्येच अडकल्या तर त्यांवर चालणारे कामच थांबते. त्या वगळाव्यात, पण निव्वळ एक्स्टेन्शनवरून नव्हे: ‘.बीएके’ वगळले की कोणतीही ‘.ईएक्सई’ नाव बदलून आत शिरते. जिथे फक्त सेवेच्या खात्यालाच लिहिता येते, असा फोल्डर वगळणे जास्त सुरक्षित. उलट, झिप फाइली तपासताना किती उलगडायच्या याला मर्यादा हवीच. ‘४२.झिप’ नावाची कुप्रसिद्ध फाइल जेमतेम ४२ किलोबाइटची, पण थरावर थर उलगडत गेल्यास ४.५ पेटाबाइट होते. पासवर्ड लावलेली झिप तर स्कॅनरला उघडताच येत नाही.

चटकन लक्षात न येणारी एक चूक खुद्द स्कॅन सर्व्हरवर घडते. आलेली फाइल तो तात्पुरत्या फोल्डरात ठेवतो, आणि त्याच यंत्रावरचा रिअल-टाइम अँटिव्हायरस ती परस्पर उचलतो. स्कॅनरला फाइल सापडत नाही आणि निकालाऐवजी त्रुटी येते. रिअल-टाइम तपासणीतून तो फोल्डर वगळा.

एनएफएस, म्हणजे मुख्यतः लिनक्स-युनिक्समध्ये नेटवर्कवरच्या फाइली वापरायचा प्रोटोकॉल, याची तऱ्हा वेगळी. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत फाइल ‘उघडली’, ‘बंद केली’ असे संदेशच नाहीत, त्यामुळे अडवायचा नेमका क्षण सापडत नाही. अशा शेअरवर ठरलेल्या वेळी स्कॅन चालवणे हाच सर्वसाधारण मार्ग. आता हिशोब पाहा. १ गिगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट जातात. १० टेराबाइट वाचायला ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून जास्त, आणि लहान फाइलींची गर्दी असेल तर आणखी. म्हणून पूर्ण स्कॅन एकदा, मग फक्त बदललेल्या फाइलींचे. जुन्या फाइली स्वस्त क्लाउड साठ्यावर हलवल्या असतील तर स्कॅनर वाचता वाचता त्या सगळ्या परत ओढून आणतो. ‘ऑफलाइन’ खूण असलेल्या फाइली सोडून देण्याची सोय स्कॅनरमध्ये असेल तर ती सुरू करा.

स्नॅपशॉट, म्हणजे नॅसने ठरावीक क्षणी जपलेल्या फाइलींच्या प्रती, फक्त वाचता येतात, त्यातली बाधित प्रत स्कॅनरला काढता येत नाही. जुन्या स्नॅपशॉटमधून फाइल परत आणली की ती पुन्हा तपासा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर मात्र बहुधा वापरणाऱ्याच्या संगणकावर चालते. नॅसवर त्याचा प्रोग्राम न येता नुसत्या कुलूपबंद झालेल्या फाइली येतात, आणि स्कॅनरला त्यात ओळखीचे काही दिसत नाही.

व्यवस्था चालते का, हे तपासायला ६८ अक्षरांची, निरुपद्रवी ‘आयकार’ चाचणी फाइल वापरतात. ती ज्या संगणकावरून टाकाल त्याचा स्वतःचा अँटिव्हायरसच तिला आधी पकडतो आणि नॅसने पकडली असा गैरसमज होतो. चाचणीपुरते त्या संगणकावर ही फाइल वगळा. मग ती झिपमध्ये, झिपच्या आत झिपमध्ये घालून टाकून पाहा. शेवटी स्कॅन सर्व्हर मुद्दाम बंद करा आणि आजवर कोणी न उघडलेली एखादी साधी फाइल उघडा.