ग्लुटामेट ग्राही आणि अपस्मार

ग्लुटामेट ग्राही ही मुख्यतः चेतापेशींच्या पटलावर असणारी प्रथिने. शेजारच्या पेशीने सोडलेले ग्लुटामेट हे अमिनो आम्ल त्यांना चिकटले की पेशी उद्दीपित होते. मेंदूतील बहुतेक उद्दीपक संदेश याच वाटेने जातात. पाहणे, आठवणे, हात हलवणे यांपैकी काहीच त्याविना घडत नाही. उद्दीपनाला आवर घालण्याचे काम मुख्यतः गाबा हे रसायन करते. हा तोल ढळून असंख्य पेशी एकाच ठेक्यात विद्युतसंदेश सोडू लागल्या की झटका, म्हणजेच आकडी किंवा फिट येते. तात्कालिक कारणावाचून पुन्हापुन्हा झटके येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे.

या विषयात झटके आधी दिसले, ग्राही मागाहून सापडले. १९५० च्या दशकात जपानमध्ये ताकाशी हायाशी यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या बाह्यकावर, म्हणजे बाहेरच्या थरावर, सोडियम ग्लुटामेट सोडले आणि त्याला झटके आले. तरीही शरीरभर आढळणारे इतके सामान्य अमिनो आम्ल संदेशवाहक असेल, हे पुढे बराच काळ अनेकांना पटत नव्हते.

ग्राहींचे दोन मोठे गट आहेत. पहिल्या गटातील एएमपीए, एनएमडीए आणि कायनेट हे ग्राही स्वतःच आयनांचे, म्हणजे सोडियम, कॅल्शियम अशा विद्युतभारित कणांचे, मार्ग असतात. दुसऱ्या, मेटाबोट्रॉपिक गटातील आठ ग्राही पेशीच्या आतील रासायनिक साखळीमार्फत संथपणे काम करतात; त्यांतले काही तर ग्लुटामेटचा स्राव कमीच करतात.

एएमपीए ग्राही सर्वांत चपळ. ग्लुटामेट चिकटताच काही मिलिसेकंदांत सोडियम आत येते. त्यांच्या जीएलयूए२ या घटकातील एका ठिकाणचे अमिनो आम्ल आरएनएच्या टप्प्यावर बदलले जाते, आणि तेवढ्याने कॅल्शियमची वाट बंद होते. हा बदल होऊ न दिलेल्या उंदरांना झटके येऊ लागले आणि ते जन्मानंतर सुमारे तीन आठवड्यांत मेले.

एनएमडीए ग्राही मात्र सहजी उघडत नाही. त्याला ग्लुटामेटबरोबर ग्लायसीन किंवा डी-सेरीनही लागते. शिवाय त्याच्या मार्गात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. एएमपीए ग्राहींमुळे पटलावरील विद्युतदाब पुरेसा बदलला की तो सुटतो आणि कॅल्शियम आत शिरते. शिकणे व स्मरण यांचा हा पायाच आहे. अपस्माराच्या केंद्रातील, म्हणजे झटके जिथून सुरू होतात त्या भागातील, पेशींत हीच यंत्रणा उद्दीपन लांबवते, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळातही मेंदूच्या आलेखावर, म्हणजे ईईजीवर, टोकदार लहरी उमटतात. प्रयोगशाळेत मेंदूचा काप ठेवलेल्या द्रावणातून नुसते मॅग्नेशियम काढून टाकले, तरी त्यात अपस्मारासारखे विद्युतस्राव आपोआप सुरू होतात.

कायनेट ग्राहींचे नाव डायजेनिया या समुद्री शैवालातील कायनिक आम्लावरून आले. हे आम्ल दिल्यावर उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मरणाशी संबंधित भागातील पेशी मरतात आणि पुढे कायमचा अपस्मार जडतो. त्याच्या जवळचे डोमोइक आम्ल माणसांच्याही पोटात गेले आहे. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे दूषित शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले; काहींना झटके आले, काहींची स्मृती गेली. वाचलेल्यांपैकी एका रुग्णाला सुमारे वर्षभराने मेंदूच्या टेम्पोरल (कानशिलाजवळच्या) खंडाचा अपस्मार झाला.

झटका लांबला तर ग्राहींची मांडणीच बदलते. गाबा ग्राही पटलावरून पेशीच्या आत ओढले जातात आणि एनएमडीए ग्राही पृष्ठभागावर वाढतात. सुरुवातीला बहुधा लागू पडणारी, गाबाचा परिणाम वाढवणारी बेंझोडायाझेपिन गटातील औषधे उशीर झाल्यावर निष्प्रभ ठरतात, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण. अशा न थांबणाऱ्या झटक्यांत एनएमडीए ग्राही रोखणारे केटामाइन हे भुलीचे औषध कधीकधी वापरतात.

रोजच्या उपचारात मात्र एनएमडीए ग्राही रोखणे कठीण ठरले, आणि ते स्वाभाविकही आहे: ज्याच्यावर स्मरण अवलंबून आहे ते दार बंद केले की भ्रम आणि गुंगी आलीच. त्यामानाने एएमपीए ग्राही रोखणारे पेरॅम्पॅनेल हे औषध उपयोगी पडले. २०१२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. चक्कर, चिडचिड आणि क्वचित आक्रमकपणा हे त्याचे दुष्परिणाम आहेत.

ग्लुटामेटचे काम वाढले की झटके येतात, एवढेच समीकरण मांडणे चुकीचे होईल. २००७ मध्ये वर्णन झालेल्या एका मेंदूदाहात शरीराची प्रतिपिंडे एनएमडीए ग्राहींची संख्या घटवतात, तरी रुग्णाला झटके येतात. एनएमडीए ग्राहीचा एक घटक घडवणाऱ्या ग्रिन२ए या जनुकातील दोषांमुळे मुलांमध्ये वाचादोषासह अपस्मार होतो; त्यांतल्या काही दोषांनी ग्राहीचे काम वाढते, तर काहींनी मंदावते. याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे, की आवर घालणाऱ्या गाबा पेशींनाही कामाला लावण्यासाठी ग्लुटामेटच लागते.