सॅल्मन, काकवी आणि चटणी

कोल्हापुरात मासा म्हटलं की बांगडा, सुरमई, फार तर नदीचा रोहू किंवा वाम. नॉर्वेचा सॅल्मन या यादीत अगदी अलीकडे आला, तोही गोठवलेल्या पाकिटातून आणि मटणाला मागं टाकेल अशा भावानं. घरी आणणारे बहुतेकजण मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघून सुरुवात करतात. मध, सोया सॉस, लसूण, चिली फ्लेक्स एकत्र आटवायचे आणि माशावर त्याचा चकचकीत थर, म्हणजे ग्लेझ, चढवायचा. दोन-तीनदा करून झालं की मधाच्या जागी काकवी येते आणि चिली फ्लेक्सच्या जागी घरची कांदा-लसूण चटणी. हाताशी आहे ते घातलं, इतकं साधं कारण त्याला आहेच. पण ते हाताशी कसं आलं, आणि इतकी वर्षं हाताशी असूनही माशावर का पडलं नाही, यामागं बरंच काही आहे.

आधी गूळ. कोल्हापूरला मिरजेशी जोडणारी रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. स्टेशन शेजारीच, त्यामुळं माल उतरवायला आणि चढवायला सोय झाली. पुढं भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम त्यांनीच हाती घेतलं. ते पुरं व्हायला मात्र स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. पाणी वाढलं तसा ऊस वाढला. साखर कारखाने उभे राहिले, त्यांनी ऊस ओढून नेला आणि गुऱ्हाळं कमी झाली, तरी करवीर, पन्हाळा, कागल या भागांत ती अजून पेटतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

गुऱ्हाळात उभं राहून बघितलं तर या ग्लेझचं अर्धं शास्त्र तिथंच कळतं. घाण्यातून निघालेला रस काहिलीत पडतो. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं ढकलत एकजण जाळ सांभाळतो. रस तापला की मळी वर येते. ती धरायला रानभेंडीचा चिकट रस घालतात आणि झाऱ्यानं फेस काढत राहतात. पाणी उडत जातं तशी उकळी जड होते, बुडबुडे मोठे आणि आळशी व्हायला लागतात. साधारण १०५ अंश सेल्सियसला काढली तर ती काकवी. तशीच आटवत ११८ अंशांच्या आसपास नेली की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाण्यात थेंब टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. थर्मामीटर असलाच तरी त्याच्याकडं फारसं कुणी बघत नाही.

या सगळ्या उकळण्यात उसातली थोडी साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. त्यामुळं काकवी बाटलीत पातळ राहते, आणि पॅनमध्ये पांढऱ्या साखरेच्या कितीतरी आधी तपकिरी होते. वर तिच्यात उसाचे क्षार असतात, त्यांची किंचित खारट-कडवट चव मागं रेंगाळते. मधाऐवजी काकवी म्हणजे तडजोड, असं मला वाटत नाही. मधाचा गोडवा माशावर एकटा पडतो, काकवीचा पडत नाही. काकवी नसली तर गूळ पाण्यात विरघळवून चालतो, पण तो गडद हवा. बाजारात जो पिवळाधमक गूळ मिरवतो त्याचा रंग बऱ्याचदा रसायनानं उजळवलेला असतो, आणि चवीत तो नुसताच गोड लागतो.

तिखटाची गोष्ट गुळापेक्षा नवी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात मासेमारीच्या छंदावर वेगळं प्रकरण आहे आणि मासे शिजवण्याच्या कृतीही आहेत. कोल्हापूरचे शिलाहार या चालुक्यांचेच मांडलिक, म्हणजे आपल्या मुलखापासून हे फार लांबचं नव्हे. त्या पाकशाळेत मिरी होती. मिरची असणं शक्यच नव्हतं, कारण ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि त्याच शतकात मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली. घाट चढून ती इतकी आपली झाली की तिच्याशिवायचं कोल्हापूर आज कुणाला खरं वाटणार नाही.

आजची चटणी म्हणजे उन्हाळ्यातलं एक मोठं घरकाम. सीमेपलीकडच्या संकेश्वरची जवारी मिरची गडहिंग्लजच्या बाजारात येते, ती तिखटपणाला. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी रंगाला. मिरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, देठं काढायची, खोबरं, तीळ, धणे, जिरे आणि खडा मसाला वेगवेगळा भाजून-तळून घ्यायचा, आणि सगळं कांडपाला द्यायचं. कांदा-लसूण घातला की वर्षाची बेगमी झाली. कोल्हापुरी म्हणजे नुसता जाळ, हा समज हॉटेलांच्या पाट्यांनी पसरवला. घरची चटणी तिखट असतेच, पण तिच्यात खोबऱ्याचं तेल आणि कांद्याचा गोडसरपणाही असतो. म्हणून तर ती गुळाशी भांडत नाही.

गूळ आणि तिखट एकत्र आणणं आपल्याला नवं नाही. चिंच-गुळाची आमटी, होळीची कटाची आमटी, सणाच्या ताटात डाव्या बाजूला वाढलेलं पंचामृत, सगळीकडं तेच सूत्र आहे. माशात मात्र गूळ पडला नाही. पडला तो पारशी घरांत: कोळंबीच्या पातियात मिरची, आंबट आणि गूळ तिन्ही असतात, आणि शुभदिनी तो धानदाळीबरोबर, म्हणजे भात आणि साध्या डाळीबरोबर, वाढतात.

कोल्हापूरकरांनी माशापुरता गूळ का टाळला? माझा तर्क असा की, इथं मिळणाऱ्या माशामुळं. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडं. करूळ, फोंडा आणि आंबा हे घाट उतरलं की कोकण येतं खरं, पण बर्फात भरलेल्या गाड्या धावायला लागण्याआधी वर पोचायची ती मुख्यतः सुकी मासळी. बोंबील, जवळा, सोडे. ताजा मासा नदीचा आणि तळ्याचा. त्याला मातकट वास, म्हणून आंबट आणि लसूण हवंच. आणि चरबी बेताची, म्हणून रस्सा हवा. अशा माशावर गुळाचा थर चढवून तो जाळावर धरला, तर थर तपकिरी होईपर्यंत आतला मासा चोथा होतो. गोड थर पेलायला चरबीचा मासा लागतो. तो या बाजूला नव्हताच.

तो आला नॉर्वेहून, आणि तिथंही ही गोष्ट जुनी नाही. अटलांटिक सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. शतकानुशतकं तो पकडला जायचा, पाळला जायचा नाही. १९७० मध्ये हित्रा बेटावर ग्रोंटवेट बंधूंनी समुद्रात जाळ्याचे पिंजरे सोडून त्यात सॅल्मन वाढवून दाखवला. त्याच दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी चाळीसेक नद्यांमधून बीज गोळा केलं आणि लवकर वाढणाऱ्या माशांची पिढ्यान् पिढ्या निवड सुरू केली. आज एकटा नॉर्वे वर्षाला पंधरा लाख टनांच्या आसपास सॅल्मन पिकवतो. पाळलेला मासा पोहतो कमी आणि खातो भरपूर, त्यामुळं त्याच्या मांसात चरबीच्या पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसतात. केशरी रंग येतो अस्टाझँथिन या रंगद्रव्यामुळं. रानातल्या सॅल्मनला ते लहान कोळंबीसारख्या जिवांतून मिळतं, पाळलेल्याला खाद्यातून द्यावं लागतं.

गंमत अशी की नॉर्वे आपल्या ताटात सॅल्मनच्या कितीतरी आधी पोचला होता. १९५०च्या दशकात केरळमध्ये भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला आणि इंजिनाच्या होड्या, बर्फाचे कारखाने, मासळी गोठवणं हे सगळं तिथं रुजलं. पुढं १९९२ मध्ये भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यसंवर्धन संस्थेनं नॉर्वेच्या मदतीनं तीच निवडीची पद्धत रोहूवर वापरायला घेतली. त्यातून आलेला जलद वाढणारा ‘जयंती रोहू’ १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, लोकांपुढं आला.

राहिला ग्लेझ. तो मुळात जपानचा. सोया सॉस, मिरिन नावाची तांदळाची गोड दारू आणि साखर यांचा पाक माशावर पुन्हा पुन्हा लावून भाजायचा, ही तेरियाकीची पद्धत एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) घडली, आणि तीही ईल, बुरी अशा चरबीच्या माशांसाठी. १८८५ पासून जपानी मजूर करारावर हवाईला जायला लागले, ते उसाच्या मळ्यांवर. तिथं हाच पाक जास्त गोड झाला, त्यात तांबूस साखर आणि अननसाचा रस शिरला. तिथून तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पसरला, मग मध आला, लसूण वाढला, मिरची आली आणि बाटल्या भरल्या गेल्या. आपल्याकडं सोया सॉसची ओळख चायनीजच्या गाड्यांनी आधीच करून दिली होती. म्हणजे उसाच्या मळ्यांत गोड झालेला पाक फिरत फिरत पुन्हा उसाच्याच मुलखात आला, फक्त येताना त्यानं बरोबर मध आणला. काकवी घातली की ती चूकही दुरुस्त होते.

आता पॅनपाशी. मासा पूर्ण वितळू द्यावा, कागदानं किंवा स्वच्छ फडक्यानं कोरडा करावा, नाहीतर कातडी चिकटते. मीठ हात राखून, कारण सोया सॉस आणि चटणी दोन्ही खारट. थोड्या तेलात कातडीची बाजू खाली ठेवून मध्यम आचेवर बराचसा मासा तिथंच शिजू द्यायचा. केशरी रंग खालून वर फिका होत येतो, तो कडेनं दिसतो. कडेला पांढरे कण फुटायला लागले तर ते प्रथिन आहे, मासा खराब नाही; पण ते जास्त दिसले तर आच मोठी झाली असं समजावं.

दोन तुकड्यांना दोन चमचे काकवी, एक चमचा सोया सॉस, अर्ध्या लिंबाचा रस आणि अर्धा चमचा चटणी पुरते. चटणी आधी जरा तेलात फुलवून घ्यावी. हे मिश्रण अगदी शेवटी, मासा उलटल्यावर, मंद आचेवर ओतायचं आणि चमच्यानं माशावर घालत राहायचं. बुडबुडे मोठे आणि आळशी झाले की गॅस बंद. गुळव्या काहिलीत बघतो तीच ही खूण. सुरुवातीलाच ओतलं तर काकवी करपते, त्याआधी चटणीतला लसूण आणि खोबरं करपतं, आणि तो कडवटपणा मग कशानंच जात नाही.

‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकला जातो तो आपला रावस. चवीला उत्तम, पण कूळ पार वेगळं, मांस पांढरं आणि चरबी कमी. सॅल्मनची खरी भावकी भारतात शोधायची तर काश्मीरला जावं लागेल. तिथल्या नद्यांत इंग्रजांनी १९००च्या सुमारास आणून सोडलेला तपकिरी ट्राउट त्याच घराण्यातला. रावसावर ही कृती करायची तर काकवी निम्मी करावी आणि लिंबाऐवजी कोकमाचं आगळ घालावं. आणि सॅल्मनचा भाव परवडत नसेल तर सरळ बांगडा घ्यावा. पावसाळा संपताना येणारा बांगडा चांगला चरबीचा असतो, काकवी-चटणीचा थर तो सहज पेलतो. फक्त त्याची कातडी पातळ असते, तेव्हा चिरा उथळ द्याव्यात आणि एकदाच उलटावा.