फनी कार छायाचित्रण, यूरोपातील

ड्रॅग शर्यतींतील (थोड्या अंतराच्या सरळ पट्टीवरील वेगाच्या शर्यती) जुन्या फनी कार (नेहमीच्या मोटारीसारखे कवच असलेल्या शर्यती गाड्या) व ड्रॅगस्टर (लांब, उघड्या सांगाड्याच्या शर्यती गाड्या) यांचे यूरोपातील धावपट्ट्यांवर केले जाणारे छायाचित्रण. त्यात १९६० ते १९८० या दशकांतील मूळ छायाचित्रे येतात, तसेच त्या काळच्या जतन केलेल्या किंवा नव्याने उभ्या केलेल्या गाड्यांची अलीकडील छायाचित्रेही येतात. पाव मैलाच्या (सुमारे ४०२ मी.) सरळ पट्टीवरची धाव काही सेकंदांत संपते. त्यामुळे गाडीच्या यंत्ररचनेची जाण नसलेल्या छायाचित्रकाराच्या हाती बहुधा धूरच लागतो.

‘फनी कार’ या नावाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. १९६५ च्या हंगामासाठी क्रायस्लर कंपनीने काही डॉज व प्लिमथ गाड्यांचा मागचा आस १५ इंच व पुढचा १० इंच पुढे सरकवला. मागच्या चाकांवर अधिक भार यावा, हा त्यामागचा हेतू होता. या गाड्या विचित्र दिसू लागल्या म्हणून त्यांना हे नाव पडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शर्यतपटू जॅक क्रिसमन यांच्या १९६४ मधील सुपरचार्जरयुक्त (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र बसवलेल्या) कॉमेट गाडीला आद्य फनी कार म्हणावे, असे दुसरे मत आहे. मात्र मागच्या बाजूला बिजागरी असलेले, पुढून संपूर्ण उचलता येणारे फायबरग्लासचे कवच आणि त्याखाली नळ्यांचा सांगाडा ही आज परिचित असलेली रचना १९६६ च्या मर्क्युरी कॉमेट गाड्यांपासून रूढ झाली. नाव १९६५ चे व रूप १९६६ चे, असे धरणे अधिक सयुक्तिक वाटते. छायाचित्रांच्या कालनिश्चितीत हा भेद उपयोगी पडतो, कारण उघडलेल्या कवचाखाली इंजिनाशी वाकलेले मदतनीस हे दृश्य त्याआधीच्या गाड्यांत आढळत नाही.

यूरोपात या खेळाचा पाया ब्रिटनमध्ये घातला गेला. मोटारनिर्माते सिडनी ॲलार्ड यांनी १९६१ मध्ये ड्रॅगस्टर बांधला. १९६४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय ड्रॅग महोत्सवासाठी डॉन गार्लिट्स यांच्यासह अनेक अमेरिकन शर्यतपटू तेथे आले आणि त्यांच्या शर्यती वेगवेगळ्या विमानतळांवर झाल्या. बेडफर्डशरमधील पॉडिंग्टन येथील दुसऱ्या महायुद्धातील हवाई तळावर १९६६ च्या ईस्टरला सांता पॉड ही कायमस्वरूपी धावपट्टी सुरू झाली. या काळातील ब्रिटिश छायाचित्रांत प्रेक्षकांच्या सज्जांपेक्षा मोकळे आकाश आणि सपाट काँक्रीट अधिक दिसते ते यामुळेच. स्वीडनमधील मॅन्टॉर्प पार्क व जर्मनीतील हॉकनहाइम ही इतर प्रमुख स्थळे होत.

ज्योतींचे छायाचित्रण हा या विषयातील सर्वांत चर्चिला गेलेला भाग आहे. या गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या नायट्रोमिथेन (थोडक्यात नायट्रो) या इंधनाच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने ते पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी हवेत जळते. पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, तर नायट्रोमिथेनला सुमारे १.७ पुरतात. रात्री एक्झॉस्ट नळ्यांच्या तोंडांवर उभ्या राहणाऱ्या पांढुरक्या ज्योतीचे स्पष्टीकरण दोन प्रकारे दिले जाते. हवेतील बाष्पाचे विघटन होऊन सुटलेला हायड्रोजन जळतो, हे शर्यतींच्या वर्तुळात वारंवार सांगितले जाते. इंधनाचे प्रमाण मुद्दाम जास्त ठेवल्याने अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन तयार होतात आणि बाहेरच्या हवेत पेटतात, हे स्पष्टीकरण रसायनशास्त्राशी अधिक जुळते. मिथेनॉल या दुसऱ्या इंधनाची ज्योत मात्र दिवसा जवळजवळ दिसतच नाही. म्हणून इंधनाची माहिती असलेला छायाचित्रकार नायट्रोवरच्या गाडीसाठी संधिप्रकाशाची वाट पाहतो. हॉकनहाइमच्या नायट्रोलिंपिक्स या ड्रॅग शर्यतींच्या मेळाव्यातील रात्रीच्या धावा याच कारणाने छायाचित्रकारांना प्रिय आहेत.

आरंभरेषेवरील क्षण सर्वांत मोलाचा. दिवा हिरवा होताच मागच्या रुंद, मऊ टायरची बाजू चुण्या पडलेल्या कापडासारखी दुमडते, आणि पट्टीच्या शेवटी तोच टायर केंद्रोत्सारी बलाने उंच व अरुंद झालेला दिसतो. चुण्या स्पष्ट टिपायच्या असतील तर शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद लागतो. गाडीबरोबर कॅमेरा फिरवून पार्श्वभूमी पुसट करायची असेल तर १/१२५ किंवा १/६० सेकंद ठेवतात. इंजिनाच्या धक्क्यांनी छाती व कॅमेरा दोन्ही हादरतात, कानांना संरक्षण अनिवार्य ठरते, आणि लांब भिंगातून उष्ण हवेच्या लहरी चित्र विस्कटतात. कोडाक्रोमसारख्या २५ किंवा ६४ संवेदनक्षमतेच्या फिल्मवर ढगाळ इंग्लिश दिवशी हे सारे साधणाऱ्यांचे कौशल्य खरोखर आदरास पात्र आहे. कृष्णधवल चित्रांसाठी ४०० संवेदनक्षमतेची ट्राय-एक्स अधिक सोयीची होती.

अमेरिकन शर्यतपटू सॅमी मिलर यांच्या ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ या अग्निबाणचलित फनी कारने १९८४ मध्ये सांता पॉड येथे ३.५८ सेकंदांत पाव मैल कापल्याचे सांगितले जाते. मात्र अशा प्रदर्शनी धावा स्पर्धेतील विक्रमांत धरत नाहीत. तिचे इंधन हायड्रोजन पेरॉक्साइड असल्याने तिच्या छायाचित्रांत नायट्रोची ज्योत नव्हे, तर वाफेचा लोट दिसतो.

जुन्या छायाचित्रांवरून गाडीची ओळख पटवणे कठीण असते. एकाच सांगाड्यावर हंगामागणिक नवे कवच चढे, कवच विकले जाई, रंगवून दुसऱ्या नावाने धावे किंवा आगीत नष्ट होई. केवळ बाजूवरील नाव वाचून निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते. चाके, सुपरचार्जरवरील हवेचे तोंड, कडेचे लोखंडी कठडे व जाहिरात फलक यांची सांगड घालावी लागते. सांता पॉडला भरणाऱ्या ड्रॅगस्टॅल्जिया या जुन्या ड्रॅग गाड्यांच्या मेळाव्यासारख्या प्रसंगी धावणाऱ्या पुनर्निर्मित गाड्यांवरील अक्षरांचे वळण व रंगांच्या पट्ट्या ठरवताना अशीच चित्रे समोर ठेवली जातात. ज्या बाजूचे चित्र कोणी घेतले नाही, ती बाजू रंगाऱ्याला अंदाजाने रंगवावी लागते.