ताबा कोणाकडे? रिमोट आणि ऑटो मोडमधल्या लिंक-सेटिंगची पार्श्वभूमी

उसाच्या सरीतून फवारणी किंवा आंतरमशागत करणारी बॅटरीवरची छोटी गाडी बनवायची, तर कोल्हापुरात बहुतेक सामान हाताशी आहे. चेसिस, गिअर, शाफ्टचं काम शिवाजी उद्यमनगरात होतं, कास्टिंग शिरोली-गोकुळ शिरगावात मिळतं, ऑटोपायलटचा, म्हणजे गाडी आपली आपण हाकणारा, बोर्ड कुरिअरने येतो. गाडी आधी रिमोटवर चालते, मग जीपीएसच्या रेषेवर आपली आपण चालायला लागते. घोटाळा होतो तो या दोन्हींच्या मधे. मोड बदलतो, पण लिंकच्या, म्हणजे गाडीच्या रेडिओ जोडणीच्या, सेटिंग आधीच्याच राहतात. रिमोटवर चालवताना लिंक तुटली तर गाडीने आहे तिथे थांबलं पाहिजे. ऑटोमध्ये मात्र तीच लिंक दोन सेकंद गेली म्हणून गाडी सरीत मधेच उभी राहिली, तर काम कधी संपायचं नाही. हा फरक बोर्डावरच्या पॅरामीटरांमध्ये कुठून आला, हे बघायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

निकोला टेस्लाने 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी बोट दाखवली आणि त्याच वर्षी तिचं पेटंट घेतलं. 1925 मध्ये न्यूयॉर्कच्याच रस्त्यावर फ्रान्सिस हुडिनाची बिनड्रायव्हरची चँडलर मोटार धावली. हुकूम मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीतून रेडिओने सुटत होते. ती मोटार अखेर दुसऱ्या एका गाडीवर आदळली. त्या काळच्या रचनेत सगळी अक्कल पाठवणाऱ्याकडे होती. हुकूम आला नाही तर काय करायचं, याचं उत्तर गाडीकडे नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सोव्हिएत सैन्याने दुसऱ्या रणगाड्यातून रेडिओने हाकले जाणारे रणगाडे वापरले, पण या मुद्द्यावर फार काही बदललं नाही.

खरा धडा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका चारचाकी गाड्याने दिला. जेम्स अ‍ॅडम्स या विद्यार्थ्याने 1960-61 च्या सुमारास तो बांधला, पृथ्वीवरून चंद्रावरची गाडी हाकता येईल का हे तपासण्यासाठी. चंद्रापर्यंत सिग्नल जाऊन परत यायला सुमारे अडीच सेकंद लागतात. तेवढा उशीर मुद्दाम घालून पाहिलं, तेव्हा ताशी 0.3 किलोमीटरच्या वर गाडा भरवशाने हाकता येईना. माणूस चित्र बघून स्टिअरिंग वळवतो, परिणाम दिसेपर्यंत अजून वळवतो, आणि दिसतो तेव्हा वळण जास्त झालेलं असतं. एमआयटीतल्या फेरेल आणि शेरिडन यांच्या प्रयोगांत पुढे हेच दिसलं. उशीर असला की माणूस आपोआप थोडं हलवतो, थांबतो, बघतो, पुन्हा हलवतो.

त्याच गाड्यावर हान्स मोरावेकने कॅमेरा आणि संगणकाचं काम केलं. 1979 मध्ये खुर्च्या मांडलेली खोली गाड्याने माणसाच्या मदतीशिवाय पार केली, सुमारे पाच तासांत. एक मीटर पुढे जायचं, मग दहा-पंधरा मिनिटं हिशोब. मात्र हिशोब करणारा संगणक गाड्यावर नव्हता, चित्र रेडिओने त्याच्याकडे जात होतं. म्हणजे गाडा स्वयंचलित झाला तरी लिंकवरचं अवलंबित्व सुटलं नव्हतं, फक्त लिंकवरून जाणारा माल बदलला होता. आज सरीत चालणाऱ्या गाडीलाही हे जसंच्या तसं लागू पडतं. त्याकडे पुढे येऊच.

प्रत्यक्ष चंद्रावर 17 नोव्हेंबर 1970 रोजी सोव्हिएत गाडी लुनोखोद-1 उतरली. पाच जणांची टोळी ती पृथ्वीवरून हाकत होती, सलग व्हिडिओ नसून काही सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या स्थिर चित्रांवर. पण कल धोक्याच्या पातळीपलीकडे गेला की गाडी स्वतःहून थांबे. बाकी सगळं रिमोटवर, आणि थांबायचा निर्णय तेवढा गाडीवर, अशी ती वाटणी होती. 1997 मध्ये मंगळावरच्या सोजर्नर या नासाच्या गाडीने वाटणी आणखी पुढे नेली. सिग्नलला दहाएक मिनिटं लागणार म्हटल्यावर दिवसाचे हुकूम एकदम पाठवायचे आणि वाटेतले दगड गाडीने स्वतः चुकवायचे.

पुढची पायरी अमेरिकेत डार्पा या लष्करी संशोधन संस्थेच्या बिनड्रायव्हरच्या गाड्यांच्या शर्यतींनी घातली. 2004 मध्ये एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही, सर्वांत पुढे गेलेली सुमारे 12 किलोमीटरवर अडकली. 2005 मध्ये पाच गाड्यांनी सुमारे 212 किलोमीटरचं अंतर पुरं केलं आणि स्टॅनफर्डची स्टॅनली जिंकली. शर्यतीत रिमोटने हाकायला बंदी होती. तरीही प्रत्येक गाडीत आयोजकांचा ई-स्टॉप (तातडीने थांबवण्याचा) रेडिओ होता आणि त्याच्या अवस्था तीनच: चालू, थांबून राहा, कायमचं बंद. आमच्या मते या सबंध इतिहासातली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे. हाकण्याची लिंक आणि थांबवण्याची लिंक वेगळी धरायची, आणि थांबवण्याचा हुकूम कुठल्याही मोडमध्ये चाललाच पाहिजे.

या मोठ्या प्रकल्पांच्या बाजूने छंदाच्या रिमोटचा इतिहास चालला होता, आणि आपल्या बोर्डावरची बरीच सेटिंग तिथून आली आहेत. 27 आणि 72 मेगाहर्ट्झच्या काळात क्रिस्टल बदलून चॅनेल ठरायचं. दोघांकडे एकच क्रिस्टल निघालं की एकाचं मॉडेल दुसऱ्याच्या हुकमावर नाचायचं. 2.4 गिगाहर्ट्झचे सेट आल्यावर रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरशी बाइंड होऊ लागला, म्हणजे फक्त त्याचंच ऐकू लागला, आणि तो प्रश्न मिटला. फेलसेफचा, म्हणजे सिग्नल गेल्यावर काय करायचं याचा, प्रश्न उरला. सिग्नल गेला की काही रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून ठेवतात, म्हणजे गाडी आहे त्या वेगात निघून जाते. काही थ्रॉटल (वेगाचा हुकूम) सगळ्यात खाली आणतात. विमानासाठी ते बरोबर, कारण रिसीव्हर हुकूम पल्सच्या लांबीतून देतो आणि तिथे 1000 मायक्रोसेकंदाचा पल्स म्हणजे इंजिन बंद. पुढे-मागे चालणाऱ्या गाडीत न्यूट्रल 1500 ला असतं आणि 1000 म्हणजे पूर्ण वेगाने रिव्हर्स. रिसीव्हरची तार थेट मोटर कंट्रोलरला गेली असेल, तर सिग्नल गेल्यावर गाडी हाकणाऱ्याच्याच अंगावर येते.

ऑटोपायलट मधे आला की हा धोका कमी होतो, पण सेटिंग जुळलेली हवीत. आर्डुपायलट या खुल्या ऑटोपायलट सॉफ्टवेअरच्या रोव्हर (जमिनीवरच्या गाड्यांच्या) आवृत्तीत थ्रॉटलचा पल्स 910 च्या खाली गेला की फेलसेफ धरला जातो आणि मूळ मुदत दीड सेकंदाची असते. रिसीव्हर सिग्नल गेल्यावर 1000 किंवा 1500 देत राहिला, तर ऑटोपायलटला काही बिघडलंय हे कळतच नाही. त्यामुळे रिसीव्हरचं फेलसेफ एकतर ‘पल्स बंद’ वर ठेवायचं, नाहीतर 910 च्या खाली. मग पुढचा प्रश्न येतो: ऑटो मोडमध्ये रिमोट गेला तर थांबायचं की मिशन चालू ठेवायचं? थ्रॉटल फेलसेफ (रिमोट गेल्यावरचा) आणि ग्राउंड स्टेशन फेलसेफ (लॅपटॉपची लिंक गेल्यावरचा) या दोन्हींना तीन किमती आहेत. 0 म्हणजे बंद, 1 म्हणजे चालू, 2 म्हणजे चालू, पण ऑटोमध्ये असेल तर काम पुढे रेटायचं. शेतासाठी 2 सोयीचं आहे, पण वेगळा ई-स्टॉप बसवला असेल तरच.

मोड बदलणारा स्विचही नीट बघावा. त्याच्या चॅनेलच्या पल्सचे सहा पट्टे असतात, प्रत्येकाला एक मोड, आणि त्यांच्या सीमा 1230, 1360, 1490, 1620 आणि 1749 ला. तीन खटक्यांचा स्विच मधे असताना 1500 देतो, म्हणजे चौथ्या पट्ट्यात सीमेपासून जेमतेम दहा मायक्रोसेकंद आत. ट्रिम किंचित सरकला की मोड तिसऱ्या-चौथ्यात उड्या मारतो. ट्रान्समीटरमध्ये मधल्या खटक्याची किंमत 1555 करून टाकली की हा त्रास जातो. दुसरी खोच अशी की बोर्ड स्विच हलल्यावरच मोड बदलतो. लॅपटॉपवरून ऑटो दिलं आणि हातातला स्विच आधीपासून मॅन्युअलवरच असेल, तर स्विच मॅन्युअल दाखवतो आणि गाडी ऑटोत चाललेली असते. ताबा घ्यायला स्विच दुसऱ्या खटक्यावर नेऊन परत आणावा लागतो. म्हणून स्विचवर किंवा स्क्रीनवरच्या बटणावर विसंबू नये. 2009 मध्ये लोरेंत्स मायरने सुरू केलेल्या मॅव्हलिंक या गाडी-लॅपटॉपच्या संदेशभाषेत गाडी दर सेकंदाला हार्टबीट पाठवते, त्यात तिचा चालू मोड असतो. तो बदललेला दिसला तरच मोड बदलला.

आरओएस 2 या रोबोटसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना हेच दुखणं वेगळ्या रूपात भेटतं. जॉयस्टिक आणि प्लॅनर (वाट आखणारा प्रोग्राम) दोघेही एकाच टॉपिकवर, म्हणजे संदेशांच्या एकाच मार्गावर, वेगाचे हुकूम टाकतात आणि गाडी झटके खाते. मधे मक्स (एका वेळी एकाच स्रोताचा हुकूम पुढे सोडणारा प्रोग्राम) बसवून प्रत्येक स्रोताला प्राधान्य आणि मुदत द्यायची, रिमोटचं प्राधान्य वर, मुदत अर्ध्या सेकंदाच्या आत. आणि क्यूओएस, म्हणजे संदेश किती भरवशाने पोचवायचा याची सेटिंग, एकसारखा ठेवायचा नाही. स्टिअरिंगचे हुकूम बेस्ट-एफर्ट (पोचला तर पोचला), रांगेत एकच. ते रिलायबल ठेवले तर खराब वायफायवर हरवलेला जुना हुकूम पुन्हा पाठवला जातो आणि वळण उशिरा लागतं. मोड बदलण्याचा संदेश मात्र रिलायबल आणि ट्रान्झियंट लोकल, म्हणजे उशिरा जोडल्या गेलेल्या नोडलाही (प्रोग्रामलाही) शेवटचा मोड कळतो. पाठवणारा बेस्ट-एफर्ट आणि घेणारा रिलायबल असेल तर जोडणीच होत नाही. टर्मिनलवर एखादी इशाऱ्याची ओळ येते, ती बघितली नाही तर दिवस जातो.

आता स्टॅनफर्डच्या गाड्याकडे परत. सरी चार-पाच फुटांची, म्हणून गाडीला आरटीके, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस, लागतो आणि त्याची चूक सुधारणारी माहिती एका जागी ठेवलेल्या बेस स्टेशनवरून बहुधा त्याच टेलिमेट्री रेडिओने येते, ज्यावरून गाडी लॅपटॉपशी बोलते. लिंक गेली की ‘फिक्स’ काही वेळाने ‘फ्लोट’ होतो, चूक सेंटिमीटरवरून डेसिमीटरवर जाते आणि चाक वरंब्यावर चढतं. म्हणून ऑटोत जाताना लिंकवरची गर्दी कमी करावी. रिमोटवर चालवताना कल-दिशेची माहिती सेकंदाला दहा वेळा लागते, ऑटोत दोनदा पुरते. मोकळी झालेली जागा आरटीकेला द्यावी. आणि ‘फिक्स’ गेल्यावर थांबण्याचा नियम गाडीवरच लिहावा.

रेडिओ विकत घेताना बँड तपासणं आलंच. परदेशी दुकानांतून येणारे 915 मेगाहर्ट्झचे रेडिओ 902 ते 928 च्या पट्ट्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे 890 ते 915 हा मोबाईल फोनच्या अपलिंकचा पट्टा आहे. भारतात 2005 पासून 865 ते 867 आणि 2021 पासून 868 पर्यंतचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना खुला आहे. सिक (SiK) फर्मवेअरच्या टेलिमेट्री रेडिओत किमान-कमाल वारंवारता त्यात बसवावी, 50 चॅनेलांऐवजी आठ-दहा ठेवावीत, आणि नेट आयडी मूळ 25 वरून बदलावा, म्हणजे शेजारच्या टीमशी गल्लत होत नाही. 2.4 गिगाहर्ट्झ मोकळ्या मैदानावर छान चालतं, पण दहा फूट वाढलेल्या ओल्या उसात पानांतलं पाणी ते शोषून घेतं. म्हणून रेंजची चाचणी पावसाळ्यानंतर उभ्या आडसाली उसात घ्यावी, आणि अँटेना पाल्याच्या वर, खांबावर.

मोड बदलण्याचा क्रम असा धरावा. गाडी होल्डमध्ये थांबवायची. जीपीएस ‘फिक्स’ आहे ना बघायचं. स्टिअरिंग-थ्रॉटल न्यूट्रलला. मग मोड बदलायचा आणि हार्टबीटमध्ये खात्री करायची. परत येतानाही तसंच, कारण स्टिक एका बाजूला दाबलेली असताना मॅन्युअल घेतलं तर चाकं एकदम वळतात. चाचणीसाठी चाकं जमिनीपासून वर उचलून गाडी घोडीवर ठेवावी. आधी मॅन्युअलमध्ये चाकं फिरवून ट्रान्समीटर बंद करायचा: दीड सेकंदाच्या आसपास चाकं थांबली पाहिजेत. मग ऑटोमध्ये तेच करायचं: फेलसेफ 2 वर असेल तर चाकं फिरत राहतील. त्याच अवस्थेत ई-स्टॉप दाबायचा आणि तो मोटरचा कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) खरोखर तोडतो का, हे टर्मिनलवर मीटर लावून बघायचं.