नवाकोरा डिस्ट्रिब्युटर म्हणजे खात्रीचाच?

जुन्या दमदार गाडीला नवा डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वेळेवर स्पार्क वाटणारा भाग) टाकला की मिसिंग, म्हणजे इंजिनचं अडखळणं, गेलंच, हा समज चुकीचा आहे. बाहेरून सारखा दिसला तरी वेगानुसार स्पार्क किती लवकर पडायचा हे ठरवणारी आतली वजनं आणि स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात. स्पार्क फार लवकर पडला तर घाटात इंजिन नॉक करतं (ठकठकतं), पिस्टनही जातो. कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात मूळ जुना डिस्ट्रिब्युटर मिळाला तर नाक मुरडू नका, तपासा. शाफ्ट आडवा हलवा: खेळ जाणवला तर बुश गेलंय, पॉइंटची (स्पार्कसाठी करंट तोडणाऱ्या संपर्काची) गॅप टिकणार नाही. रोटर (शाफ्टच्या डोक्यावरचा फिरता तुकडा) त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळून सोडा, टपकन मागे यायला हवा. व्हॅक्युमची नळी तोंडाने ओढून जिभेने दाबा. पॉइंटखालची प्लेट सरकून तिथेच थांबली नाही तर डायफ्राम (व्हॅक्युमने ओढला जाणारा आतला पडदा) फाटलाय. कॅप (वरचं झाकण, ज्यात प्लगच्या वायरी बसतात) मात्र नवीच. मुंबईच्या पावसात केसाएवढ्या चिरेतूनही करंट पळतो! बसवल्यावर टायमिंग लाइटने आयडलला आणि ३००० आरपीएमला अ‍ॅडव्हान्स (स्पार्क किती आधी पडतो ते) मॅन्युअलशी ताडून पाहा.